पहाटे मासे वर येतात: शेततळ्यात हवा सोडायची की पाणी हलवायचं?

पाणवठा_३० (धागाकर्ता)

तळं ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंचा उतार १:१, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. सध्या पाणी अडीच मीटर. कटला, रोहू, मृगळ मिळून ३००० नग, सरासरी वजन ४०० ग्रॅम. पाणी चांगलंच हिरवं. सेची चकती (पाणी किती आरपार दिसतं ते मोजायची तबकडी) २५ सेंटीमीटरला दिसेनाशी होते. दुपारी तीनला वरच्या पाण्याचा सामू (पीएच) ९.

पहाटे पाच ते सात मासे तोंड वर करून नैऋत्य कोपऱ्यात जमतात, ऊन चढलं की खाली जातात. मर अजून नाही. एक सल्ला पॅडल व्हीलचा (पृष्ठभागावर पाणी उडवत फिरणारं पात्यांचं चाक) मिळालाय, दुसरा ब्लोअर (हवा ढकलणारं यंत्र) आणि एअर स्टोनचा (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड). दोन्हींत बाहेरची हवाच पाण्यात जाणार असेल तर फरक कशाने पडतो? आणि तळं उघडं आहे, वर अख्खं आभाळ आहे, तरी ऑक्सिजन खाली का पोचत नाही?

---

तळठाव

शेवटच्या प्रश्नापासून धरतो, बाकीचं त्यावरच उभं आहे.

ऑक्सिजन पाण्यात दोन प्रकारे पुढे सरकतो. एक विसरण, म्हणजे रेणू आपसूक दाटीकडून विरळ भागाकडे पसरत जाणं. दुसरं म्हणजे पाणी स्वतः हलून त्याला सोबत नेणं. विसरणाचा हिशोब ॲडॉल्फ फिकने १८५५ साली मांडला. त्यातली ग्यानबाची मेख अशी की अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. २५ अंशाच्या अगदी निश्चल पाण्यात ऑक्सिजनला लागणारा वेळ काढा:

मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला (जीवाणू, बारीक प्लवंगांचं जग) सेकंदाचा चाळिसावा भाग.
१ मिलिमीटरला सुमारे ४ मिनिटं.
१ सेंटीमीटरला साडेसहा तास.
१ मीटरला साडेसात वर्षं.

छापताना चूक झालेली नाही, वर्षंच. हवेत हेच काम साधारण दहा हजारपट वेगाने होतं, म्हणून जमिनीवर राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न कधी जाणवत नाही. शाळेत परमँगनेटचा खडा ग्लासात टाकून 'हे बघा विसरण' असं दाखवतात. त्या प्रयोगात रंग पसरतो तो बराचसा ग्लासातलं पाणी हलत असल्यामुळे. खरंच निश्चल असतं तर रंग ग्लासभर व्हायला कित्येक दिवस लागले असते.

तेव्हा वर आभाळ कितीही असो, पाणी उभं असेल तर तुमच्या तळाला वरच्या ऑक्सिजनचा उपयोग नाही. वारा नसताना पृष्ठभागातून आत येणारा ऑक्सिजन मोजायचा तर तासाला साधारण २ सेंटीमीटर हा गुणक धरा. तूट (पाणी धरू शकेल त्यापेक्षा जेवढा ऑक्सिजन कमी) लिटरला ४ मिलिग्रॅम असेल तर चौरस मीटरला तासाला ०.०८ ग्रॅम. अडीच मीटर पाण्याला तुमचा पृष्ठभाग २९ × २९ = ८४१ चौरस मीटर. एकूण आवक ६७ ग्रॅम.

आता जावक. मासे १२०० किलो, २८-३० अंशाला किलोमागे तासाला २५० मिलिग्रॅम धरले तर ३०० ग्रॅम. हिरवं पाणी रात्री स्वतः श्वास घेतं; लिटरला पाव मिलिग्रॅम धरलं तर १७६० घनमीटरचे ४४० ग्रॅम. गाळाचे आणखी शंभरेक. रात्रीचा खर्च तासाला साडेआठशे ग्रॅमच्या आसपास आणि आभाळातून आवक ६७. सगळी भिस्त दिवसा शेवाळाने तयार करून ठेवलेल्या साठ्यावर आहे. माशांपेक्षा पाणीच जास्त खातंय हेही बघून ठेवा. 'मासे कमी करा' हा सल्ला म्हणूनच अर्धा.

---

गढूळ

हिशोब पटला, पण पाणी 'निश्चल' कुठे असतं? रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं. वारा असतो. तीन हजार मासे पोहत असतात. साडेसात वर्षांचा आकडा घाबरवायला ठीक आहे.

---

तळठाव

@गढूळ, बरोबर, आणि तळं जगतं ते त्या हलण्यावरच. पण किती हलतं ते बघू. ३१ आणि ३२ अंशांच्या पाण्यात घनमीटरला सुमारे ३०० ग्रॅमचा फरक असतो. थंड देशातल्या तळ्यात ४ आणि ५ अंशांमधला फरक ८ ग्रॅम. आपल्याकडे एका अंशाने पडणारी फट तिथल्यापेक्षा चाळीसपट पक्की. दुपारी वर ३३ आणि तळाला २८ अंश असेल तर वरचं पाणी तेलासारखं तरंगत राहतं. ३० मीटर लांबीवर वाऱ्याला जोर धरायला जागा नाही, त्यात चारही बाजूंनी बांध. जुनी पाझर तलावं दोन-तीनशे मीटर लांब आणि उथळ असतात, ती वाऱ्यावर ढवळली जातात. शेततळं म्हणजे पाण्याने भरलेली हौदासारखी खोल वाटी.

रात्रीच्या गारव्याने ढवळतं हेही खरं, पण त्यात दुहेरी गंमत आहे. वरचं पाणी खाली जाताना ऑक्सिजन नेतं आणि तळाचं, ऑक्सिजन संपलेलं पाणी वर आणतं. माशांच्या थरातला साठा त्याच वेळी पातळ होतो.

धागाकर्त्यांनी दिलेला सामू फक्त वरच्या पाण्याचा आहे. थरांचे आकडे हवेत.

---

ऑक्सीमीटर

थरांचे आकडे घेताना मीटरच फसवतो, आधी ते सांगतो. बाजारात स्वस्तात मिळणारे पडद्याचे प्रोब (गॅल्व्हॅनिक किंवा पोलरोग्राफिक) मोजता मोजता स्वतः ऑक्सिजन खातात. प्रोब उभ्या पाण्यात स्थिर धरला की पडद्यालगतचं पाणी ओसाड होतं, बाहेरून विसरणाने तेवढं भरून येत नाही आणि आकडा घसरत जातो. ६ चा ४ दिसतो. सेकंदाला साधारण ३० सेंटीमीटर वेगाने प्रोब वर-खाली हलवत राहा, आकडा थांबला की तो लिहा. ऑप्टिकल प्रोब ऑक्सिजन खात नाही, पण त्यालाही एक-दोन मिनिटं द्या.

पडद्याखाली हवेचा बुडबुडा दिसत असेल तर द्रावण पुन्हा भरा. वापरण्यापूर्वी ओल्या फडक्यात, दमट हवेत १०० टक्क्यांवर लावून घ्या.

केबलवर दर अर्ध्या मीटरला चिकटपट्टीची खूण करा. मोजायची जागा तळ्याच्या मध्याजवळ. बांधावरून काठीने काठाला मोजलेलं काही कामाचं नाही. उतारावर पाणी उथळ असतं. वेळा: दुपारी ३, रात्री ८, रात्री ११, पहाटे ५.३०.

रात्रीची दोन मापं असली की पहाटेचं भाकित करता येतं. ८ चा आणि ११ चा आकडा घ्या, तासाची घसरण काढा, तीच रेघ पुढे ओढा.

---

पाणवठा_३०

मापं घेतली. दुपारी ३: वर २० सेंमीला ३३ अंश, १२.४. एक मीटरला ३१ अंश, ८. दीड मीटरला २९ अंश, ३. २.३ मीटरला २८ अंश, ०.४. (ऑक्सिजनचे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर.)
एक मीटर खोलीवर रात्री ८ ला ६.८, ११ ला ५.२.

---

तळठाव

म्हणजे ३ तासांत १.६ घट, तासाला ०.५३. सहा वाजेपर्यंत अजून ७ तास, ३.७ घटणार, पहाटे १.५ उरणार. ३ मिलिग्रॅमची रेघ, जिच्याखाली मासे अडचणीत येतात, पहाटे तीनच्या सुमारास ओलांडली जाते. पाचला मासे वर दिसतात याच्याशी जुळतंय.

खरी गोष्ट दुपारच्या रकान्यात आहे. वरचा एक मीटर म्हणजे ७८४ घनमीटर, मधला एक मीटर ६७६, तळाचा अर्धा मीटर ३००. (उतारामुळे वरचा थर सर्वांत मोठा.) ऑक्सिजन ढोबळ मानाने वर ८.२ किलो, मध्ये २.७, तळाला जेमतेम दीडशे ग्रॅम. ३३ अंशाचं पाणी हवेच्या तोलात ७.२ च्या आसपासच धरतं, १२.४ म्हणजे पावणेदोनपट. हा जादा माल संध्याकाळपर्यंत हवेत उडून जातो. शेवाळाने फुकट तयार केलेला ऑक्सिजन वरून सांडतोय आणि दोन मीटर खाली दुष्काळ.

---

गढूळ

मासे वर येऊन हवा गिळतात असं सगळे म्हणतात. मग हवेत तर ऑक्सिजन भरपूर आहे. त्यांचं भागत का नाही?

---

मरळ_मागूर

रोहू-कटला हवा गिळत नाहीत, गिळली तरी तिचा उपयोग करायला अवयव नाही. ते करतात काय, तर पृष्ठभागाचा वरचा काही मिलिमीटरचा पापुद्रा तोंडात ओढतात. वरचं कोष्टक आठवा: मिलिमीटरला चार मिनिटं. हवेला लागून असलेल्या तेवढ्या पातळ थरात ऑक्सिजन कायम भरलेला असतो. मासा तोच पापुद्रा कल्ल्यांवरून फिरवतो. रात्रीचा वारा ईशान्येकडून असेल तर वरचं पाणी नैऋत्य कोपऱ्यात लोटलं जातं, म्हणून गर्दी तिथे.

कल्ल्याची रचना बघितली की हा खटाटोप कळतो. कल्ल्याच्या पटलांमधली फट मिलिमीटरच्या तीन-चार शतांश, केसाच्या जाडीहून कमी. तेवढं अंतर विसरण सेकंदाच्या काही दशांशात कापतं. रक्त एका दिशेने, पाणी उलट दिशेने. त्यामुळे पाणी बाहेर पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर रक्तापेक्षा पाण्यात ऑक्सिजन जास्तच राहतो आणि ओढ टिकते. शेवटच्या शतांश मिलिमीटरचं काम विसरणाचं, तिथपर्यंत पाणी आणून देण्याचं काम माशाच्या तोंडाचं. पाण्यात ऑक्सिजन निम्मा झाला की तेवढ्यासाठी दुप्पट पाणी ओढावं लागतं. पाणी हवेच्या आठशेपट जड. ते ओढायलाच ऑक्सिजन जळतो. तोटा वाढत जातो तो असा.

ऑक्सिजनअभावी मर होते तेव्हा मोठे मासे आधी मेलेले दिसतात. फक्त बारकी मेली असतील तर आधी दुसरं कारण शोधा.

मरळ, मागूर, शिंगी यांना हवेतून श्वास घ्यायचे जादा अवयव आहेत, पंगस फुगलेल्या वाताशयाने भागवतो. त्यांचं वर येणं हे संकटाचं लक्षण नाही. उलट मरळीच्या टाकीवर पृष्ठभागापर्यंत जाळी ताणून ठेवली तर ती बुडून मरते.

---

हवेचा_नळ

आता यंत्रांकडे.

पॅडल व्हील: १ एचपीच्या यंत्रावर तासाला दीड किलो ऑक्सिजन असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो आकडा २० अंशाच्या, ऑक्सिजन शून्य केलेल्या स्वच्छ पाण्यातला. तुमच्याकडे २८ अंश आणि पाण्यात ३ मिलिग्रॅम आधीच असताना तूट कमी, म्हणून ओढ कमी. हिशोब केला तर सुमारे ०.९ किलो. तुमचा खर्च तासाला ०.५३ × १७६० = ९३० ग्रॅम. काठोकाठ. म्हणजे १ एचपी ३ च्या खाली घसरू देणार नाही, वर चढवणारही नाही. म्हणून ते रात्री २ वाजता सुरू करायचं, मासे वर दिसल्यावर पाचला नव्हे. पाण्यात १.५ उरल्यावर लावलं तर तोवर मासे अर्धमेले असतात.

पात्याची टोकं पाण्यात ९-१० सेंटीमीटर बुडालेली हवीत. कमी बुडाली की नुसतं शिंतोडे, जास्त बुडाली की मोटरचा अँपिअर चढतो आणि वाइंडिंग जळतं. क्लॅम्प मीटरने पाटीवरच्या आकड्याशी पडताळा. लोक तळ्याच्या मधोमध लावतात, ते चूक. काठाला समांतर, बांधापासून ५-६ मीटरवर, म्हणजे पाण्याला गोल फिरायची दिशा मिळते. झोत थेट कागदावर आदळू देऊ नका.

पॅडल व्हीलची मर्यादा खोली. त्याने वरचा मीटर-सव्वा मीटर चांगला फिरतो. तुमच्या तळाच्या ०.४ ला ते पोचत नाही.

ब्लोअर आणि एअर स्टोन: फुगा पाण्यात सेकंदाला २५-३० सेंटीमीटर वर चढतो. दोन मीटरचा प्रवास सात-आठ सेकंदांत संपतो. एवढ्यात त्यातला थोडाच ऑक्सिजन उतरतो, बाकी वर येऊन फुटतो. फुग्यांची खरी किंमत ते सोबत पाणी उचलून आणतात यात आहे. मोकळ्या पाण्यात स्टोन टाकला तर हे उचललेलं पाणी वाटेतच आजूबाजूला मिसळून जातं. त्याला नळात कोंडलं की तळाचं पाणी थेट वर येतं.

---

पाणवठा_३०

नळ कसा करायचा? आणि रिंग ब्लोअरवाल्याने दोन मीटरपर्यंत चालतो सांगितलंय.

---

हवेचा_नळ

एका टप्प्याचे लहान रिंग ब्लोअर ०.१५ ते ०.२ बारपर्यंतच दाब देतात. दोन मीटर पाणी म्हणजे ०.२ बार. तिथे तो चालतो म्हणजे गरम होऊन घोंघावतो, हवा जवळजवळ शून्य. यावर तोडगा असा की हवा खोलवर सोडायचीच नाही.

११० मिमीचा पीव्हीसी पाइप, सव्वादोन मीटर. खालचं तोंड तळापासून ४० सेंटीमीटर वर राहील असं टांगा. त्याहून खाली नेलात तर गाळ ओढला जाईल. वरच्या टोकाला एल्बो, त्याचं तोंड निम्मं पाण्याखाली, आडवं. पाइपला पृष्ठभागापासून १.२ मीटर खोलीवर छिद्रं पाडून तिथून हवेच्या नळीतली हवा आत सोडा. ब्लोअरवर दाब फक्त ०.१२ बारचा येतो, पण पाइपचं तोंड दोन मीटरवर असल्याने पाणी खालचंच ओढलं जातं. छिद्रं २-३ मिमीची, पाइपभोवती आठ-दहा. एकाच मोठ्या छिद्रातून सोडली तर हवा गुळण्यांसारखी येते, उचल कमी.

पाइप कागदावर टेकवू नका, खुंट्या तर मुळीच नकोत. बांध ते बांध दोर ताणून त्याला बांधा. ब्लोअर पाण्याच्या पातळीहून वर ठेवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं ब्लोअरमध्ये जातं. पाण्यात वीज म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंगशिवाय पॅडल व्हील लावून तळ्यात उतरणारे लोक आहेत, म्हणून वेगळं लिहिलं.

एका नळाने समजा मिनिटाला १५० लिटर, तर चार नळ तासाला ३६ घनमीटर. तळाचा ३०० घनमीटरचा थर सव्वाआठ तासांत एकदा वर येतो. दिवसाच्या उन्हात हे काम होऊ द्या. शेतीची थ्री फेज दिवसा-रात्री बदलत असेल तरी हरकत नाही. अर्धा एचपीचा ब्लोअर सिंगल फेजवर चालतो, रोज दुपारी लावता येतो.

---

ऑक्सीमीटर

दुपारी ढवळायला माझी एक हरकत आहे. तळाच्या पाण्यात अमोनिया साठलेला असणार. वर सामू ९. ३० अंशाला सामू ७.५ असताना एकूण अमोनियाचा अडीच टक्के भाग विषारी, म्हणजे विद्युतभार नसलेला; सामू ८ ला साडेसात टक्के; ९ ला ४५ टक्के. भार नसलेला अमोनिया कल्ल्यातून सहज विसरतो. मासा एरवी त्याच वाटेने तो बाहेर टाकतो. पाण्यात वाढला की वाट उलटी होते. तळाचा निरुपद्रवी अमोनियम दुपारी तीनला सामू ९ च्या पाण्यात आणून सोडलात तर?

---

तळठाव

हरकत रास्त आहे. पहिल्यांदा करताना दुपारी तीनला नको. सकाळी दहा-अकराला करा. ऑक्सिजन चढायला लागलेला असतो आणि सामू अजून ८ च्या आसपास असतो. आधी तळाचं पाणी काढून बघा: रिकामी बाटली दगडासकट दोरीने सोडायची, बुचाला वेगळी दोरी, तळापासून अर्धा मीटर वर बुच ओढायचं. वास सडक्या अंड्याचा आला तर हायड्रोजन सल्फाइड आहे. मग पहिल्या दिवशी एकच नळ, अर्धा तास. रोज अर्धा तास वाढवत आठवड्याभरात चारही नळ. अमोनिया किटने वर-खाली दोन्हीकडे मोजा.

आठवड्यानंतर रोज ढवळलं जाईल तेव्हा तळाला साठाच होणार नाही, आणि वरचा सामूही ९ पर्यंत चढणार नाही, कारण तळाचा कार्बन डायऑक्साइड रोज वर येऊन वापरला जाईल. त्यानंतर १२ ते ४ खुशाल चालवा.

ढवळण्याचा आणखी एक परिणाम बघायला मिळेल. उभ्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं फावतं. पेशींतल्या वायूच्या पिशव्यांवर ते तरंगत वर राहतं आणि सायीसारखा थर धरतं. डायटमसारखी जड शेवाळं हलत्या पाण्याशिवाय बुडतात. पाणी रोज फिरलं की साय मोडते.

वळवाचा किंवा अवकाळी पाऊस: गार पाणी वरून पडतं, खाली बसतं, तळाचं एका झटक्यात वर येतं. जे आठवडाभर हळूहळू करायला सांगतोय ते निसर्ग वीस मिनिटांत करतो. न ढवळलेल्या तळ्यात पावसानंतरच्या पहाटे मर होते ती यामुळे. पाऊस थांबला की ऑक्सिजन मोजून पॅडल व्हील लगेच सुरू करा, रात्रीची वाट बघू नका. त्या दिवशी खाद्य बंद.

---

पाणवठा_३०

तोवर तातडीला काय? ऑक्सिजनच्या गोळ्या, की पंपाने पाणी उडवू?

---

गढूळ

गोळ्यांचा हिशोब मीच करतो, शिकलो एवढ्यात. सोडियम परकार्बोनेटमधून वजनाच्या १३ टक्के ऑक्सिजन मिळतो. १७६० घनमीटरला १ मिलिग्रॅम वाढवायला १.७६ किलो हवा, म्हणजे साडेतेरा किलो गोळ्या. रात्रीच्या शेवटच्या पाच तासांपैकी दोन तासही पुरणार नाहीत. वर त्याने सामू वाढतो.

---

हवेचा_नळ

शाबास. पंपाचंही तसंच: सेकंदाला १० लिटर उडवणारा पंप तासाला ३६ घनमीटर पाणी हाताळतो. १ चं ६ केलं तरी १८० ग्रॅम. अख्खं तळं वाचत नाही, पण मासे त्या भागात गोळा होऊन तग धरतात, तेवढ्यासाठी कराच. फूट व्हॉल्व्ह मात्र अर्धा मीटर खोलीवर बांधा. लोक तळाशी सोडतात आणि सल्फाइडचं पाणी माशांच्या डोक्यावर उडवतात. विहिरीचं-बोअरचं पाणी सोडणार असाल तर ते फळीवर आपटून सोडा. भूजलात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो.

---

जिरे_ते_बोटुकली

विषय निघालाच आहे तर हॅचरीबद्दल (माशांची अंडी उबवायची जागा). चायनीज गोल हॅचरीत पाणी का फिरवतात याचं उत्तर 'अंडी तरंगत राहावीत' एवढंच दिलं जातं. तरंगायचं कशासाठी? रोहूचं फुगलेलं अंडं ४-५ मिमीचं, आतल्या गर्भाला कल्ले नाहीत, पंपही नाही. ऑक्सिजन कवचातून आणि आतल्या द्रवातून विसरणानेच जायचा. अंड्याला चिकटलेला स्थिर पाण्याचा थर जितका जाड तितका मार्ग लांब. वाहतं पाणी तो थर घासून पातळ करतं. ऑगस्ट क्रोगने (नोबेल, १९२०) काढलेला निष्कर्ष असा की नुसत्या विसरणावर भागवणाऱ्या जिवाचा गोळा मिलिमीटरभराहून फार मोठा असू शकत नाही. अंड्यांचा ढीग बसला की अख्खा ढीगच एक मोठा गोळा होतो. आतली गुदमरतात, त्यांवर कापसासारखी बुरशी येते आणि ती बाहेरच्यांना धरते.

तळातले बदकचोच नोझल ४५ अंशांत, सगळे एकाच दिशेने. एक जरी बुजला तरी त्याच्या पुढे अंडी बसायला लागतात; भरण्यापूर्वी कुंडात चिमूटभर भुसा टाकून कुठे थांबतो ते बघा. सुरुवातीला प्रवाह जोरात. कवच मऊ पडून गर्भ वळवळायला लागला की कमी करा, नाहीतर कवच वेळेआधी फुटून अपुरे जीव बाहेर येतात. २८ अंशाच्या आसपास १४ ते १८ तासांत अंडी फुटतात. फुटल्यावर पुन्हा थोडा वाढवा, कारण कवचांचे तुकडे मधल्या जाळीवर बसून ती बंद करतात. तीन दिवस पिल्लं बलकावर जगतात आणि त्वचेतून श्वास घेतात, तेव्हाही ती तळाला साचू देऊ नका.

मत्स्यजिऱ्यांच्या (नुकत्या फुटलेल्या पिल्लांच्या) पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन भरतात. गाडीत पिशवी आडवी ठेवा: पाणी-वायूची भेट जास्त जागेवर होते, आणि रस्त्याच्या हिसक्यांनी ढवळणं फुकट होतं. उभ्या पिशवीत खालचं पाणी उपाशी राहतं.

---

फ्लॉकवाला

बायोफ्लॉकची टाकी (जीवाणूंच्या गुठळ्या, म्हणजे फ्लॉक, पाण्यात तरंगत ठेवून दाटीने मासे वाढवतात ती) म्हणजे हेच, फास्ट फॉरवर्डमध्ये. घनमीटरला २० किलो मासे म्हणजे तासाला लिटरमागे ५ मिलिग्रॅम फक्त माशांचे, फ्लॉकचे वेगळे. पाण्यात ६ असताना वीज गेली तर तासाभराच्या आत खेळ संपतो. इन्व्हर्टर दोन मिनिटांत आपोआप सुरू व्हायला हवा, माणूस उठून येईपर्यंत उशीर होतो. फ्लॉक तळाला मध्यभागी बसू देऊ नका. बसलेल्या थरात ऑक्सिजन काही मिलिमीटरही शिरत नाही, खालून सल्फाइड सुरू होतं. सगळे स्टोन कडेला लावून मध्य मोकळा ठेवणं ही नेहमीची चूक.

---

पाणवठा_३०

ठरवलंय ते असं. १ एचपी पॅडल व्हील सिंगल फेजवर, टायमर रात्री २ ते ७. चार नळ, अर्धा एचपी ब्लोअर, पहिल्या दिवशी सकाळी दहाला एक नळ अर्धा तास. खाद्य संध्याकाळी सहाचं बंद, शेवटचं चारला. ब्लोअरपासून नळांपर्यंत एकच अर्ध्या इंची नळी टाकतोय.

---

हवेचा_नळ

अर्धा इंची नको. रिंग ब्लोअर हवा भरपूर देतो, दाब थोडा. बारीक नळीच्या घर्षणातच तो संपेल. मुख्य लाइन दोन इंची, तिला तळ्याभोवती पूर्ण फेरी मारून टोकं जोडा म्हणजे चारही नळांना सारखा दाब मिळतो. फाटे पाऊण इंची, प्रत्येकाला बॉल व्हॉल्व्ह. ब्लोअरजवळचा पहिला मीटरभर जीआय पाइप ठेवा, हवा गरम निघते आणि पीव्हीसी मऊ पडतो. आणि टायमर लावलात तरी ढगाळ दिवशी आठ-अकराची मापं चुकवू नका. शेवाळाने दिवसभर काही कमावलं नसेल तर ३ ची रेघ मध्यरात्रीच येते.

---

पाणवठा_३०

दोन इंची आणतो. नळ एक चालू झाला की दुपारी तीनचे चारही थरांचे आकडे इथेच टाकतो.